अध्यक्षांच्या हातचा वेल

राग आला की मावशी भांडत नसत. पदराच्या टोकाला गाठ मारत. ती दातांनी आवळून त्यांनी कमरेला खोचली, की ज्याच्या नावाने ती पडली त्याने सावध व्हावे. “मी कोनाला इसरत नाय,” एवढेच म्हणून त्या पुन्हा भाजीची जुडी बांधायला घेत.

नवी मुंबईतल्या आमच्या नोडच्या, म्हणजे उपनगराच्या, रेल्वे स्थानकावरून तुम्ही कधी गेला असाल, तर मावशींना पाहिलेच असेल. तिकीट खिडक्यांसमोरचे ते अवाढव्य रिकामे दालन लोकांनी हळूहळू आपलेसे केले: एका कोपऱ्यात बचत गटाची पोळीभाजी, दुसऱ्यात पुस्तकांचे कपाट, बाहेर छपराचे पाणी मुरवणारा खड्डा आणि भाजीवाल्यांच्या कचऱ्याचे खत. कपाट माझ्याकडे होते, खत मावशींकडे. आमची ओळख एवढ्या अंतराची.

स्थानक ज्या जमिनीवर उभे आहे, ते मावशींच्या सासरचे भातशेत. त्यातले उरले होते एकच जांभळाचे झाड, त्यांच्या सासूने बांधावर लावलेले. मावशी त्याच्या सावलीत भाजी विकत. स्थानक समितीचे अध्यक्ष व्यवसायाने बिल्डर. झाडाखाली उभ्या केलेल्या मोटारींवर जांभळे डाग पडतात, हे त्यांना हरित स्थानकाच्या प्रतिमेस शोभणारे वाटेना. मावशी नातीच्या लग्नासाठी उरणला गेल्या आणि परत येईपर्यंत झाडाच्या जागी नवे पेव्हर ब्लॉक बसले होते. शेजारी दोन लोखंडी खांबांवर फलक होता. त्यावर अध्यक्षांचा हसरा चेहरा आणि खाली ‘झाडे लावा’.

मावशी चप्पल काढून त्या ब्लॉकवर उभ्या राहिल्या. पायाने चाचपून पाहिले. मग पदर हातात घेतला. इतकी घट्ट गाठ मी कधी पाहिली नव्हती.

आपण तक्रारीचा अर्ज करू, असे मी चाचरत सुचवले.

“अर्ज तुमी लिवा, बाय,” त्या म्हणाल्या. “मी बी पेरते.”

पावसाळ्याच्या तोंडावर स्थानकाच्या बागेचे उद्घाटन ठरले. अध्यक्षांच्या हातून काहीतरी लावून घ्यायचे होते आणि छायाचित्रात फलकही यायला हवा होता. मावशी भिजवलेल्या बियांची वाटी घेऊन खांबाशी उभ्याच होत्या. रोपणाच्या खड्ड्यात त्यांनी आपले सगळ्यात मुरलेले खत भरले होते. अध्यक्ष वाकले.

“अजून खाली, सायब. आंगठ्यानं दाबा,” मावशी अतिशय गोड आवाजात म्हणाल्या.

टाळ्या झाल्या. ते छायाचित्र तिकीट खिडकीशेजारी फ्रेम करून लावण्यात आले.

ते बी दुधीचे होते. श्रावणात वेल खांब चढून फलकाला भिडला. मावशी रोज सकाळी येत, लोंबणारा शेंडा उचलून लोखंडी पट्टीवर ठेवत आणि सुतळीने बांधत. बाळाचे जावळ सावरावे इतक्या हलक्या हाताने. आधी ‘झाडे लावा’ झाकले गेले, मग हनुवटी, मग ते हसू. गणपतीच्या सुमारास, म्हणजे चेहरा लोकांना दिसणे अत्यंत आवश्यक असते त्या दिवसांत, अध्यक्षांच्या नाकाच्या जागी एक दुधी लोंबू लागला.

“मावशी, आता तरी गाठ सोडा,” मी म्हटले.

त्यांनी मान वर करून फलक नीट न्याहाळला. “येक कान दिसतो अजून.”

अखेर अध्यक्ष स्वतः आले. सोबत कोयते घेतलेले दोन गडी होते, मावशींच्याच गावचे. पोळीभाजीच्या रांगेतले लोक ताटल्या हातात धरून बाहेर आले. वेल जरा बाजूला करा, असे अध्यक्षांनी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले.

“तुमच्याच हातचा हाय, सायब. फोटो लावलाय ना आत.” मग मावशी गड्यांकडे वळल्या. “काय रं, फलत्या येलाला कोयता लावनार? तुमच्या आयशीनं कवा लावला?”

गड्यांनी वर पाहिले, एकमेकांकडे पाहिले आणि कोयते खाली ठेवले. फळता वेल त्यांच्या गावात कोणी तोडत नाही. तोडणाऱ्याच्या घरचा पाळणा हलत नाही, असे मानतात. त्यातल्या एकाच्या घरी नुकताच पाळणा बांधला होता.

“तुमचा माझ्यावर राग आहे का, मावशी?” अध्यक्षांनी विचारले.

“मना कसला राग? जांभलीखाली माजी सासू बसायची. तिला इचारा.”

रांगेत कोणीतरी फस्सकन हसले आणि मग सगळेच हसले. अध्यक्ष गाडीत बसले. त्या आठवड्यात दुसरा कानही पानांआड गेला.

थंडीत मावशी तापाने अंथरुणाला खिळल्या. भेटायला गेले, तेव्हा त्यांनी फलकावरचा सगळ्यात उंच दुधी बियांसाठी राखायला सांगितले. पदराला गाठ तशीच होती. त्या गेल्या तेव्हाही ती कोणी सोडली नाही.

वेल वाळला, पाने गळली आणि चेहरा पुन्हा हसू लागला. यंदा अध्यक्षांनी फ्लेक्स नवा लावला आहे, पूर्वीपेक्षा मोठा. दोन्ही कान स्वच्छ दिसतात.

तो दुधी माझ्या कपाटात पुस्तकांमागे वाळून खडखडतो आहे. मी क्वचित साडी नेसते. परवा नेसले आणि पदराला गाठ मारली. मला ती मावशींसारखी जमली नाही, पण सुटलेली नाही. पावसाच्या तोंडावर बागेचा वर्धापनदिन आहे आणि रोपण अध्यक्षांच्याच हस्ते व्हायचे आहे. बियांची वाटी धरण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपवले आहे. बी कशाचे, हे मला कोणी विचारलेले नाही.