‘विझली’ असं मी म्हणाले

त्या तळ्याकाठी चुलीची जबाबदारी माझी होती. वनखात्याच्या चौकीवरच्या वहीत गटप्रमुख म्हणून सहीसुद्धा माझीच होती, कारण नवरा गाडी लावायला गेला होता आणि बाकीचे डिकीतून काढलेलं सामान आवरत होते.

आम्ही पाच जण होतो. मी, नवरा, कॉलेजला जाणारी आमची मुलगी, माझ्या ऑफिसमधली मैत्रीण आणि तिचा नवरा. आम्ही शहरात, जेसल पार्कला राहतो. मैत्रीण चौक या जवळच्याच किनाऱ्यावरच्या गावची, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्या ख्रिस्ती कोळी घरातली. तिच्या नवऱ्याची स्वतःची बोट आहे. ऑफिसात ती आमच्यासारखंच बोलते, पण चिडली किंवा घाबरली की घरची बोली बाहेर येते.

जायची कल्पना मुलीची. तीन-चार तासांवर एक राखीव जंगल आहे, त्यात जुना बंधारा घालून झालेलं मोठं तळं. काठावर तंबू लावायला दोनच जागा, एकमेकींपासून बऱ्याच लांब. तिने महिनाभर आधी परवानगी काढली होती आणि घरी रोज नवा नियम ऐकवायची. भांडी तळ्यात धुवायची नाहीत, पाणी वर आणून राखेने घासायची. खरकटं पुरायचं नाही, परत आणायचं. स्पीकर न्यायचा नाही. मी तिला हसायचे. “अगं, पिकनिकला चाललोय की परीक्षेला?”

चौकीवर एक वनरक्षक बाई होती, तिशीची असेल. तिने आमच्याकडची प्लास्टिकची प्रत्येक वस्तू मोजून लिहून घेतली. बिस्किटांचे पुडेसुद्धा. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, चूल फक्त दगडांच्या रिंगणात पेटवायची. निघताना पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, परत ओतायचं. शेवटी राखेत हात घालून बघायचा. गार लागली तरच निघायचं. गवत वाळलंय, बघताय ना.”

फेब्रुवारी संपत आला होता. तळ्याच्या वरचा सगळा माळ कमरेएवढ्या पिवळ्या गवताचा. मी “हो हो” म्हटलं.

ती संध्याकाळ चांगली गेली, हे सांगायला आता संकोच वाटतो. मैत्रिणीचा नवरा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पाण्याकडे बघत बसला होता. तिथे मासे धरायला बंदी. “एवढं पाणी समोर आणि काम काही नाही,” तो म्हणाला, “असं आयुष्यात पहिल्यांदा बसलोय.” समोरच्या काठावर सांबराची मादी पाणी प्यायला आली, तेव्हा आमच्यातलं कोणीच फोन काढला नाही. मुलीने माझा हात घट्ट धरला होता.

सकाळी मी चुलीवर चहा केला, पोहे केले. नवरा तंबू सोडत होता, मुलगी आधीच्या लोकांनी झुडपात फेकलेली झाकणं आणि पिशव्या गोळा करत होती. मी फोनला रेंज मिळते का बघायला टेकाडावर गेले आणि मेसेज दिसला. घरी सासूबाईंजवळ ज्या बाई ठेवल्या होत्या, त्यांच्या बहिणीला बरं नव्हतं. त्यांना दोनला निघायचं होतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी धावत खाली आले.

कॅनमध्ये अर्धंच पाणी उरलं होतं. ते चुलीवर ओतलं. मोठा फस्‌ आवाज झाला, वाफ आली. तळ्याचं पाणी आटून खाली गेलेलं, तिथपर्यंतची वाट घसरणीची, जाऊन-येऊन वीस मिनिटं. मी मुलीचं छोटं खुरपं घेतलं आणि बाजूची माती राखेवर ओढली.

मैत्रीण चादर घडी घालत होती, ती थांबली. “माती न्हाय टाकायची. पानी आन अजून.”

“विझली गं. बघ, धूरसुद्धा नाही.”

“मातीखाली निखारा जगतो. लहान असताना आमच्या किनाऱ्यावर कोणीतरी चूल वाळूने झाकली होती. वरून गार दिसत होती. मी धावत गेले नि पाय आत.” तिने तळव्याकडे बोट दाखवलं. “महिनाभर चालता येत न्हवतं.”

“इथे कोण पाय ठेवणार आहे? चल, उशीर होतोय.”

ती पुन्हा चादर घडी घालायला लागली. तिच्या नवऱ्याने कॅन उचलला होता, पण मी सामान गाडीत ठेवायला सांगितलं म्हणून तो तिकडे गेला.

चौकीवर त्या बाईने प्लास्टिक मोजून घेतलं. आम्ही नेलं होतं त्याहून दुप्पट परत आणलं होतं, मुलीने वेचलेलं. बाई पहिल्यांदाच हसली. मग मला विचारलं, “चूल विझवली? हात घालून बघितला?”

“हो,” मी म्हणाले.

मुलगी शेजारी उभी होती. मैत्रीण गाडीत जाऊन बसली होती.

मंगळवारी ऑफिसात असताना वनरक्षक बाईचा फोन आला. सोमवारी दुपारी तळ्याच्या वरचा माळ पेटला होता. गावातली माणसं आणि वनखात्याचे चार-पाच कर्मचारी हिरव्या फांद्यांनी झोडपून अंधार पडेपर्यंत आग विझवत होते. गावकऱ्यांनी गुरांसाठी रचून ठेवलेल्या गवताच्या गंजी गेल्या. तिचा आवाज बसला होता. “तुम्ही रविवारी निघालात. चूल नीट विझवली होती ना ताई? आठवून सांगा.”

मी आठवायला जेवढा वेळ लागतो तेवढा घेतला. “हो, विझवली होती.”

“मग शाळेवाल्यांचीच. दुसऱ्या जागेवर एका शाळेचा गट होता, ते सोमवारी सकाळी निघाले. सर म्हणतात आमची नाही. पण शेवटी तेच होते.”

मी फोन ठेवला. समोरच्या टेबलावर मैत्रीण बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती डबा घेऊन दुसऱ्या खोलीत जायला लागली.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “कशाला आपणहून गळ्यात घेतेस? इतक्या लांबची दोन दिवसांपूर्वीची चूल. कोणी बिडीही टाकली असेल.” त्याचं पटावं असं मला फार वाटत होतं. दिवसा पटायचंही. पण गॅसवर दूध ठेवलं की मी बर्नर बंद करून पुन्हा पुन्हा बघायला लागले. एकदा तर बंद केलेल्या बर्नरवर हात ठेवून उभी होते. सासूबाईंनी आतून दोनदा हाक मारली, ती ऐकूच आली नाही.

दहा दिवसांनी मैत्रीण माझ्या टेबलाशी आली. “मी कोणाला सांगणार न्हाय,” ती म्हणाली. “पण त्या बाईने मला फोन केला, तर मी खोटं बोलणार न्हाय. तेवढं तुला सांगून ठेवते.”

त्याच संध्याकाळी मुलगी म्हणाली, “आई, त्या माळावर पावसाळ्यात झाडं लावायला लोक हवेत म्हणे. मी नाव देतेय. निदान आपण तरी सगळं नीट केलं होतं.” ती लॅपटॉपवर अर्ज भरत होती. मी तिच्याजवळ खाली बसले आणि सांगितलं. पाणी, खुरपं, माती, आणि दोनदा म्हटलेलं ‘हो’.

तिने लॅपटॉप मिटला. “मी तिथेच होते,” ती म्हणाली. “मला हाक मारली असतीस तर मी आणलं असतं पाणी.” ती उठून आत गेली. मला तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवारी मी निघाले. नवऱ्याने गाडीची किल्ली दिली, पण बरोबर आला नाही. मैत्रीण मात्र चौकहून पहाटेची बस धरून आमच्या दारात हजर झाली.

वनरक्षक बाईच्या उजव्या हाताला पट्टी होती. मी चौकीच्या पायरीवरच, बसायच्या आधी, सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं आणि आतून कुदळ आणली. “चला.”

माळ अजून काळा होता. पायाखाली राख चुरचुरत होती. आमच्या रिंगणातले दगड जागच्या जागी होते, मी ओढलेली मातीही. तिने पट्टी बांधलेल्या हाताने खणायला घेतलं, तेव्हा मैत्रिणीने कुदळ आपल्याकडे घेतली. वीतभर खाली एक जाड मूळ लागलं. ते आतून जळून नळीसारखं पोकळ झालं होतं. दगडांच्या खालून ते रिंगणाबाहेर गेलं होतं आणि जिथे जमिनीवर आलं होतं, तिथे गवताचे नुसते काळे खुंट उरले होते.

तिघी वाकून बघत राहिलो. “म्हणजे रविवारपासून आतल्या आत चालत होती,” बाई म्हणाली. मग सरळ उभी राहिली. “चूल राहून गेली, ते समजू शकते मी. माणसांकडून होतं. पण मी फोन केला होता ना? तेव्हा सांगितलं असतं तर मी त्या सरांना नको नको ते बोलले नसते. त्यांच्या शाळेला कायमची बंदी घालावी असं पत्र मी लिहिलंय.”

मी माफी मागितली. ती म्हणाली, “माझी नको. त्यांना फोन करा. आत्ता, माझ्यासमोर.”

आधी तिने माझा जबाब लिहून घेतला. पुढे दंड झाला, दोन वर्षं त्या जंगलात मुक्कामाला बंदी झाली, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण त्या दिवशी चौकीच्या अंगणात, रेंज मिळेल अशा एका कोपऱ्यात उभं राहून अनोळखी माणसाला फोन लावणं, यापेक्षा अवघड काही मी केलेलं नाही.

सरांनी मधे एकदाही तोडलं नाही. मी थांबल्यावर विचारलं, “झालं सांगून?”

“हो.”

“आमच्या चुलीचं काम आठवीतल्या दोन मुलींकडे होतं. त्या रडून सांगत होत्या, सर, आम्ही तीन वेळा पाणी ओतलं. मी विश्वास ठेवला नाही. सगळ्या शाळेसमोर उभं केलं. पालकांना बोलावलं.” मग म्हणाले, “तुम्ही सांगितलंत, आता मला त्यांच्यासमोर जायचंय.”

“मी येऊ का? मी सांगते त्यांना.”

“या,” ते म्हणाले. “सोमवारी प्रार्थनेनंतर.”

सोमवारी रजा टाकून गेले. या वेळी मुलगी माझ्याबरोबर आली. का, ते तिने सांगितलं नाही. जंगलाजवळच्या तालुक्याच्या गावातली ती शाळा. सरांनी त्या दोघींना सगळ्यांसमोर बोलावलं आणि आधी स्वतः माफी मागितली. मग मी बोलले. दोघींपैकी उंच मुलीने मला विचारलं, “पण मॅडम, तुम्हाला तर फक्त पाणीच आणायचं होतं ना?” तिचा प्रश्न उद्धट नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. मी म्हटलं, “हो, तेवढंच.” ती मान हलवून खाली बसली. दुसरी मुलगी बारीक, दोन वेण्यांची. तिने एकदाही वर पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, “त्या वेण्यांच्या मुलीच्या वडिलांनी तिला सहलींना पाठवणं बंद केलंय. पक्षी बघायला रविवारी आमचा गट जातो, त्यालाही नाही.”

मी पत्ता विचारला. वडिलांची पिठाची गिरणी होती, बाजाराच्या टोकाला. त्यांनी माझ्यासाठी गिरणी बंद केली, अंगावरचं पीठ झटकलं, स्टूल दिलं. सगळं नीट ऐकून घेतलं.

“तुम्ही आलात, चांगलं केलंत,” ते म्हणाले. “दुसरं कोणी आलं नसतं.”

“मग तिला पाठवाल ना पुन्हा?”

“नाही.”

“पण चूक माझी होती. तिची काहीच नव्हती.”

“तेच तर. काही न करता पोरीचं नाव गावभर झालं. काही केलं असतं तर मी समजावलं असतं, शिक्षा केली असती, पुन्हा पाठवलंही असतं. आता कशावरून काय अंगावर येईल, सांगता येत नाही. जंगलात काम काय तिचं?”

मी आणखी बोलायचा प्रयत्न केला. माझी मुलगीही बोलली, माझ्यापेक्षा चांगलं बोलली. ते ऐकत होते, पण दारात दोन गिऱ्हाइकं डबे घेऊन उभी राहिली होती. त्यांनी आम्हाला नमस्कार केला आणि पट्टा चढवला. गिरणी सुरू झाल्यावर कोणाचंच काही ऐकू येईना.

वनरक्षक बाईने ते पत्र मागे घेतलं. पावसाळ्यात झाडं लावायला मुलगी गेली, मैत्रीण आणि तिचा नवरा गेले. दिवसाच्या कामाला बंदी नव्हती, म्हणून मीही गेले. गंजी गेलेल्या घरांतल्या एका म्हाताऱ्याने खड्डे कुठे घ्यायचे ते दाखवलं. मी कोण हे त्याला माहीत होतं, आणि तो माझ्याशी शेवटपर्यंत बोलला नाही. मैत्रीण आता पुन्हा माझ्यासमोर बसून डबा खाते.

यंदा शाळेचा गट परत तळ्याकाठी जाऊन आला. सरांनी फोटो पाठवले. मी फोटोंत दोन वेण्या शोधल्या, आणि त्या सापडल्या नाहीत तेव्हा सरांना विचारलं. ती आली नव्हती. दहावीनंतर तिला गिरणीतच बसवणार आहेत, असं सर म्हणाले.