अजून एक पीळ

आमच्या घराण्यात आजवर एकही स्क्रू ढिला राहिलेला नाही. वडिलांनी नळ बंद केला की तो उघडायला प्लंबर बोलवावा लागे. (तो उघडून द्यायचा, वडील पुन्हा बंद करायचे. दोघांची चांगली दोस्ती होती.) माझ्याही हाताला तेच वळण आहे.

माझ्या बायकोनं, स्मितानं, स्वतःच्या पगारातून गेम कन्सोल घेतला होता. संध्याकाळी बँकेतून आली की चहा आणि गेम. मध्ये मी बोललेलं चालत नाही. पण तिनं मोठ्या हौसेनं मिळवलेली एका जपानी गेमची डिस्क, परदेशातली म्हणून, त्यात चालेना. आत एक चिप बसवली की चालते, असं मला एका व्हिडिओतून कळलं. स्मिता चुलतबहिणीच्या साखरपुड्याला हुपरीला माहेरी गेली, रविवारी येणार होती. मी मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात कन्सोल उघडून बसलो!

आश्चर्य म्हणजे चिप बसली. जपानी डिस्क सुरू झाली! मी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. आता उरले फक्त झाकणाचे चार स्क्रू. व्हिडिओतला माणूस म्हणाला, हलक्या हातानं पिळा. मी हलक्या हातानंच पिळला. मग, उगाच ढिला राहायला नको म्हणून, अजून एक पीळ दिला. 'कट्ट' झालं आणि स्क्रू नुसताच गोल गोल फिरायला लागला. प्लास्टिकमधले आटे गेले होते. असं कसं झालं ते बघायला मी दुसरा पिळला. खात्री करायला तिसरा. मग चौथा एकटा कशाला ठेवायचा?

धावत हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"पावणं, ह्येच्यापेक्षा जाड स्क्रू मारा की!" दुकानदार म्हणाला.

मारला. तोही फिरायला लागला. मग भोकात काडेपेटीची काडी आणि डिंक भरला. काडी आत पडली, डिंक मला चिकटला, आणि त्याच हातानं दार उघडायची वेळ आली. शनिवारीच स्मिता दारात! सोबत तिचे वडील.

"अहो, ह्यो माझा कन्सोल हाय?"

"जपानी डिस्क चालतीया की!"

"आणि झाकण?"

"झाकण तेवढं... न्हाय."

तिचा चेहरा एवढासा झाला. मला खरंच वाईट वाटलं.

सासरे खाली बसले. हुपरीत आयुष्यभर चांदीच्या पैंजणांचे पेच बसवलेला माणूस.

"जावईबापू, चारीच्या चारी आटं मारलं व्हय? एवढी ताकद तालमीत तरी लावायची!"

त्यांनी पिशवीतून चांदीची बारीक तार काढली, स्क्रूच्या आट्यांवर गुंडाळली, तो मी चिप बसवायला आणलेल्या सोल्डरगननं तापवला आणि भोकात दाबला. गार झाल्यावर उलटा फिरवून काढला. तार आतच रुतून राहिली. चांदीचे आटे! अशी चारही भोकं झाली, आणि तीन स्क्रू नेमके बसले. स्मिता हसली. मला तर सासऱ्यांना उचलून घ्यावंसं वाटलं.

"शेवटचा तुमी बसवा. मान तुमचा," सासरे खुशीत म्हणाले.

"आप्पा, नगंऽऽ!" स्मिता ओरडली.

बसवला. छान बसला. उगाच ढिला राहायला नको म्हणून—

कट्ट!

कन्सोल झकास चालतोय. तीन कोपऱ्यांत चांदी आहे, चौथ्याला रबरबँड. स्क्रूड्रायव्हर मात्र स्मितानं कपाटात, दागिन्यांच्या कप्प्यात कुलूप लावून ठेवलाय. आज सकाळी माझ्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून मी किल्ली मागितली.

"रविवारी आप्पांकडं जाऊ," ती स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली.

आज सोमवार आहे. चष्मा एका कानावर आहे, आणि हे सगळं मी मान तिरकी करून लिहितोय!