काकाची जीभ

माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा आमच्या घरात सगळ्यात जास्त धास्ती होती ती धाकट्या काकाच्या जिभेची. लहानपणी देवी येऊन त्याचे दोन्ही डोळे गेलेले. चालताना तो जीभ टाळूला लावून 'चुक्' करायचा, अगदी पालीसारखा, आणि समोरून काय परत येतंय ते मान वाकडी करून ऐकायचा. विटांची भिंत कडक बोलते, कुडाची मऊ, असं सांगायचा. डोळखांबकडच्या आमच्या गावात तो काठीशिवाय फिरे. वाटेत भाताची उडवी रचलेली असली तर दोन पावलं आधीच वळे. ह्याचं कुणाला काही कौतुक नव्हतं. पोरं त्याला पाल म्हणत, एवढंच.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. माझी दोन स्थळं मोडली होती. एकांना मी काळी वाटले. दुसऱ्यांचा नकार म्हसा गावच्या जत्रेत भेटलेल्या कुणीतरी तोंडी कळवला. आत्यानं मात्र खरं कारण शोधून काढलं. दोन्ही वेळा बोलणी ऐन रंगात असताना काका पडवीतून चुकचुकला होता. शुभ बोलताना पाल चुकचुकली की अपशकुन, मग ती दोन पायांची का असेना! हे ऐकून घरात एकालाही हसू आलं नाही. भातसानगरला नोकरी करणाऱ्या माझ्या वडिलांना आलं नाही, आणि बारावी पास झालेल्या मलाही नाही. आज ते आठवलं की तोंड कडू होतं.

तिसरं स्थळ मुरबाडचं होतं आणि मला ते हवं होतं. लग्न होईपर्यंत काकानं जीभ वाजवायची नाही असं ठरलं. तो माझं ऐकतो म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

"काका, माझं लगीन होईस्तवर जीभ वाजवू नको," मी म्हटलं.

त्यानं मान वाकडी केली. "मंग मी बघू कशानं गो?"

मला तो आडमुठेपणा वाटला. काठी आणून देते म्हणाले आणि खरंच आणून दिली.

पाहुणे आले त्या दिवशी काका पडवीत तोंड मिटून बसला होता. मध्येच त्याला लघवीला जायचं झालं. काठी आत्यानं पाहुण्यांच्या पायात येईल म्हणून उचलून ठेवली होती. तो उठला, हात पुढे करून चाचपडत निघाला आणि मोरीऐवजी थेट माजघरात आला. त्याचा पंजा माझ्या होणाऱ्या सासूच्या पोह्यांच्या बशीत पडला. ती "शी!" करून बशी ओढून घेत मागे सरकली. तेवढ्यात त्याचं धोतर ओलं झालं आणि सारवलेल्या जमिनीवर ओघळ आला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मला शिसारी आली, आणि ती त्याची आली. आत्यानं दंडाला धरून त्याला गोठ्यात नेऊन बसवलं, तेव्हा मला बरं वाटलं.

लग्न ठरलं. "त्यांना मांडवात पुढं आणू नका," एवढीच काय ती सासरची अट. काकाचं जेवणाचं पान गोठ्यातच गेलं.

बंदी उठवायला पुढे कुणी गेलंच नाही. चुलत भावांची लग्नं, बारशी, काही ना काही शुभ चालूच होतं. मीही माहेरी जायचे, लाडू-चकल्या खाऊन परत यायचे.

दहा-बारा वर्षांनी एका दुपारी सासूसोबत टीव्ही बघत होते. एक परदेशी आंधळा माणूस जीभ वाजवत रस्त्यावरून सायकल चालवत होता. डोळे गेले की मेंदूतली बघायची जागा रिकामी बसत नाही, काही जणांत ती परत आलेल्या आवाजावरूनच समोरचं ओळखते, असं निवेदक सांगत होता. सासूनं हात जोडले. "काय देवमाणूस हाय गो," म्हणाली. तिच्या जोडलेल्या हातांची मला घाण वाटली. पोह्यांची बशी मागे ओढणारे हात ते हेच. पण मी तिला काही बोलले नाही, आणि त्याचीही मला घाण वाटते.

त्याच आठवड्यात माहेरी गेले. काका गोठ्याच्या दाराशी बसला होता, हाडं वर आलेली, गुडघ्यांवर आपटल्याच्या खपल्या. टीव्हीवर पाहिलेलं सगळं त्याला सांगितलं. चूक आमची होती म्हणाले. आता वाजव, कुणी काही म्हणणार नाही.

त्यानं मान इकडे तिकडे वळवली. "घरात कोन पावना नाय ना?"

"नाही रे काका. मी एकटीच आहे."

"तू पन आता पावनीच ना गो," तो म्हणाला, आणि हात पुढे करून भिंत शोधत मोरीकडे निघाला.