टेबलावर एकच मोटार

सोमवार, १४ डिसेंबर १९९८, सकाळचे साडेसहा. नगरच्या सावेडीतल्या आमच्या शेजाऱ्यांकडे पुणतांब्याहून फोन आला. माझी मुलगी सुजाता बोलत होती. "अण्णा, हे गेले. झोपेतच. डॉक्टर हृदय म्हणाले." थोडी थांबून ती पुढे म्हणाली, "औषधं वेळेवर चालू होती. कुणी काही बोललं तर तेवढं सांगा." लोक बोलले. मनाचा आजार असलेला माणूस अकाली गेला की लोक एकच तर्क करतात, की त्याने जीव दिला. तो खोटा आहे, हे सांगण्यासाठी सहा आठवड्यांनंतर हे लिहीत आहे. मी आयुष्यभर मोजणी खात्यात जमिनी मोजल्या. मोजलेले तेवढेच लिहिण्याची सवय आहे.

माझे जावई भास्कर यांचे पुणतांब्यात मोटार रिवायंडिंगचे दुकान होते. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येत. जुनी तार काढून तांब्याची नवी भरायची, वार्निश द्यायचे, फिरवून पाहायची. हात हुशार होता, पण काम पुरे होत नसे. एक मोटार उघडून तार काढेपर्यंत दुसरीचे झाकण निघे, तेवढ्यात तिसरी आठवे. टेबलावर नेहमी चार-पाच मोटारी उघड्या पडलेल्या असत. गिऱ्हाईक दारात येऊन म्हणे, "भास्करराव, मोटार द्या, न्हाईतर तुमीच हिरीत उतरा आन् पानी वर फेका." भास्कर सर्वांबरोबर हसत. मला ते हसणे आवडत नसे.

लग्नानंतर काही वर्षांनी वेगळेच सुरू झाले. झोप नाही, अखंड बोलणे, कारखाना काढण्याच्या गोष्टी. आणि मग कित्येक आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून राहणे. नगरच्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी याला द्विध्रुवी विकार म्हणतात असे सांगून लिथियम सुरू केले. ठरावीक काळाने रक्त तपासायचे, उन्हाळ्यात पाणी आणि जेवणातले मीठ कमी होऊ द्यायचे नाही, हे सुजाताने पाठ केले. दोनेक वर्षांत मन ताळ्यावर आले. टेबल मात्र तसेच राहिले. तेव्हा डॉक्टरबाईंनी भास्करच्या आईला त्यांच्या लहानपणाविषयी विचारले. आई म्हणाली, "पान्याला धाडला की कळशी आडावर, आन् ह्यो दुसऱ्याच्या रानात. मारून बी पाहिलं." डॉक्टरबाई म्हणाल्या, हा लक्ष न टिकण्याचा आजार आहे, जन्मापासूनचा, आणि पहिल्याहून वेगळा. मोठ्या माणसालाही तो असतो असे मानणारे डॉक्टर तेव्हा थोडेच होते. त्यावरही गोळी होती, पण ती नगरला मिळत नव्हती. त्यांच्या चिठ्ठीवर पुण्याहून आणावी लागे. अट एकच. आधी मन स्थिर, मग ही गोळी. ही एकटी घेतली तर मन पुन्हा वर उसळू शकते.

नव्या गोळीच्या पहिल्या महिन्यानंतर भास्कर मुद्दाम सावेडीला आले. चहा घेता घेता म्हणाले, "मामा, लई दिसांनी कुनीतरी रेडिओ बंद केल्यावानी वाटतंय. सकाळी बसलो, ते उठलो तवा मोटार फिरत हुती." मी बरे झाले म्हणालो. याहून अधिक बोलण्याची आमची रीत नव्हती.

पण लिथियमने त्यांचे हात थरथरत. रिवायंडिंगवाल्याचे हात म्हणजे त्याची भाकरी… नव्या गोळीने डोके स्थिर राहते, तर जुनी कशाला, असा हिशेब त्यांनी स्वतःशीच केला आणि कोणालाही न सांगता लिथियम सोडले. हात स्थिर झाले. झोप कमी होत गेली. एका सकाळी ते गावच्या पिठाच्या गिरणीत गेले आणि मालक येण्यापूर्वी तिची चालू मोटार खोलून बसले. बायका दळणाचे डबे घेऊन रांगेत उभ्या. मालक आला आणि शांतपणे म्हणाला, "भास्करराव, चालत्या मोटारीला काय दुखतंय तेवढं तर सांगा." भास्कर म्हणाले, "दुखायच्या आदीच बघतोय."

गिरणीची गोष्ट माझ्यापर्यंत आली त्या दिवशी मी पुणतांब्याला गेलो, ते सुजाताला माहेरी आणायच्या निश्चयाने. तिला सामान बांधायला सांगितले. ती भांडी घासत होती. "गोळी सोडली म्हणून झालंय हे, अण्णा. सुरू केली की बसेल. सामान नाही बांधत मी. जीप बघा, नगरला जायचंय."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. लक्षाची गोळी त्यांनी त्याच दिवशी थांबवली आणि रक्त तपासून लिथियम पुन्हा सुरू केले. हातांच्या थरथरीवर उपाय करता येतो, पण त्यासाठी ती आधी डॉक्टरांना सांगावी लागते, एवढे मात्र बजावले. काही महिन्यांनी, मन पुरते शांत झाल्यावर, भास्करनी खाली बघत विचारले, "बाई, दोनी गोळ्या एका डोक्यात नांदतील का?" त्या म्हणाल्या, "नांदतील. पण मोठ्या जावेला विचारल्याशिवाय धाकटीने घरात पाऊल टाकायचं नाही." मग दुसरी गोळी आली, आधीपेक्षा कमी मात्रेत, फक्त सकाळी.

सुजाताने दुकानाला नियम घातला. टेबलावर एकच मोटार. बाकीच्या दाराबाहेर ओळीने. तार गुंडाळायच्या यंत्राचा दांडा ती फिरवू लागली, भास्कर तार धरत. थरथर उरली होती, पण पुष्कळ कमी. त्या नियमात भास्करनी आपली भर घातली, ती मी स्वतः ऐकली आहे. "मोटार अर्धी सोडली तर माझ्यावर वरडा, ती जुनी खोड हाय. पन चांगली मोटार खोलली तर डॉक्टरकडं न्या. मी न्हाई म्हनलो तरी न्या." दोन आजारांतला फरक इतक्या सोप्या शब्दांत मला कोणी सांगितला नव्हता.

पुढे एकदा, ऐन उन्हाळ्यात, घरातला धडधाकट पंखा त्यांनी खाली उतरवला. पाना लावला, आणि हात थांबला. पंख्याकडे बघत राहिले. मग सुजाताला म्हणाले, "ह्यो तर चालू हुता. चला नगरला." त्या वेळी आजार वाढण्याआधीच आवरला. त्यानंतर गिऱ्हाईक मोटारीसाठी थांबे, पण मोटार मिळेल की नाही ही काळजी कोणाला राहिली नाही. हे मी बरे होणेच समजतो.

त्या सोमवारी दुपारी गोदावरीकाठी अंत्यविधी झाला. बुद्धवंदना झाली, माणसे पांगली. संध्याकाळी दुकानासमोर तात्या म्हणून एक शेतकरी टोपी हातात घेऊन घुटमळत होते. पाण्यावाचून रानातला कांदा वाळत चालला होता, पण मोटार मागायची लाज वाटत होती. सुजाताने ते पाहिले. "अण्णा, तात्यांची मोटार झालीय. काल यांनी फिरवून बघितली. देऊन टाका."

टेबलावर ती एकटीच होती. वार्निश वाळले होते. तात्यांनी आणि मी ती उचलून त्यांच्या बैलगाडीत ठेवली. तात्या म्हणाले, "लई गुनी मानूस हुता." परत आलो तर सुजाता दारात उभी होती. रिकाम्या टेबलाकडे बघत म्हणाली, "पुढची वर घ्या. आज नाही खोलणार मी… पण वर असू द्या."

बाहेरच्या ओळीतली पहिली मोटार मी आत आणली आणि टेबलावर ठेवली.