वाट विचारणाऱ्या काकू

लंडनमधल्या पिनरच्या आमच्या शेजारच्या काकू नकाशा बघत नाहीत, भेटेल त्याला वाट विचारतात. वर अस्सल इंग्रजालाही "शुअर ना?" म्हणून दटावतात. वीकेंडला यॉर्क पायी हिंडताना मी फोन काढला, की त्या तो हातानं खाली करायच्या. रविवारी दुपारी नदीकाठच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ एकटेच बसले होते. काकूंनी त्यांना कथीड्रलची, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चची, वाट विचारली. सकाळीच आम्ही ते आतून-बाहेरून बघितलं होतं. मी कपाळाला हात लावला. गृहस्थ उठले, टोपी नीट केली आणि गप्पा मारत आम्हाला थेट दारापर्यंत घेऊन गेले. वाटेत काकूंच्या डब्यातलं थालीपीठ त्यांनी मागून घेऊन खाल्लं.

"काकू, वाट माहीत होती ना तुम्हाला?"

"मला होती गं. पण त्यांना उठायला काहीतरी कारण नको?"