गौहरच्या गुलाबाची हजेरी

अंबडच्या कचेरीत ख्वाजामियाँनी तीस वर्षं नावांचा पुकारा केला. "हाजिर है?" अशी त्यांची हाक आली की व्हरांड्यातली गर्दी दचकून उभी राहायची. निजाम सरकारची पेन्शन घेऊन ते शहागडला परतले, तेव्हा त्यांच्या हाकेला ओ देणारी एकटी बायको, गौहर, उरली होती. दोन वर्षांत तीही गेली. मागं राहिला तिचा गावरान गुलाब. लग्नात तिनं माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून कांडी आणली होती, तिचं हे झाड.

त्या दिवाळीत गुलाबाच्या बुडाला वाळवी लागली. झाड काही वाचत नव्हतं. मियाँनी हिरव्या फांद्यांच्या वीतभर सात कांड्या कापल्या, वरच्या टोकांना शेण लावलं. सहा कुंड्यांत खोचल्या, एक शेजारच्या सोनूबाईनं मागून नेली.

कांडी लावायची, पाणी द्यायचं आणि महिनाभर तिच्या वाटेला जायचं नाही, एवढंच काम. पण शेवटचं तेवढं मियाँना कुठलं जमायला? रोज सकाळी "गौहरबी हाजिर?" म्हणत ते एकेक कांडी उपसून मूळ बघायचे नि परत खोचायचे. बोलायला दुसरं होतं कोण? कोवळं मूळ कधी फुटलं, कधी तुटलं, त्यांना कळलंही नाही. सहाही कांड्या काळ्या पडल्या, तोवर झाडही वाळलं. त्या दिवशी मियाँनी चूल पेटवली नाही. तिचं म्हणावं असं आता घरात काही नव्हतं.

आठवड्यानं सोनूबाई बोलवायला आली. "ख्वाजाभाई, तुमची कांडी फुटली की. मी तं मोरीच्या कडंला खोचून इसरूनच गेल्ते."

दोन तांबूस पानं आली होती. मियाँ उकिडवे बसले. हात पुढं गेला, तसाच त्यांनी मागं घेतला.

"न्या की खोदून. तुमच्याच घरची हाय."

"न्हाई बाई. मी रोज उपसून बघतो. माझ्याकडं जगायची न्हाई. हितंच राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुंपणाशी आले. हात पाठीमागं घट्ट धरून त्यांनी हलकेच पुकारलं, "गौहरबी हाजिर?"

सोनूबाई भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही.

"हाय," ती म्हणाली. "हाजिर हाय."

मियाँ घरात गेले आणि गौहर गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले.