कवळीवाल्या बाईंचं इंजिन

कुठलीही वस्तू हातात आली की बाई चष्मा कपाळावर सरकवत, ती वस्तू डाव्या डोळ्याला जवळजवळ चिकटवत आणि तिच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवत. मग निकाल लागे. "केसभर जास्त हाय की!" कवळी असो, चहाचा कप असो, नाहीतर माझ्या नव्या दवाखान्याची पाटी असो, निकाल ठरलेला.

मी सोलापुरात दातांचा डॉक्टर. माझ्या पेशंटांच्या कवळ्या वर्षानुवर्षं बाईच बनवत. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे लॅब. तिथे एक भट्टी, एक पॉलिशचं चाक, प्लॅस्टरची पोती आणि कपाटात ओळीनं मांडलेले अर्ध्या गावाचे जबडे. एखादा म्हातारा कडक भाकरी आणि शेंगाचटणी कुरकुर वाजवत खाताना तुम्ही आमच्याकडे पाहिला असेल, तर तुम्ही बाईंचं काम पाहिलंय.

एकदा एक निवृत्त प्राध्यापक घर आवरून पुण्याला लेकाकडे निघाले. जाण्याआधी त्यांनी बाईंच्या हातात एक खोका ठेवला. "परदेशातून हौसेनं आणलं होतं, कधी उघडलंच नाही. तुमचा हात बारीक कामाचा. तुम्हीच जोडा." खोक्यावर बर्फातून धावणाऱ्या वाफेच्या इंजिनाचं चित्र होतं. आत पितळेचे पातळ पत्रे, ओतीव चाकं, काडेपेटीपेक्षा लहान मोटर आणि तांदळाएवढे स्क्रू. सगळं जोडलं की वीतभर लांबीचं, खरोखर चालणारं इंजिन होणार होतं. माहितीपुस्तिका जर्मन भाषेत. बाईंनी ती चाळली आणि परत खोक्यात ठेवली.

"आपण तोंड बघून कवळी करतो, डॉक्टर. पुस्तक बघून न्हाय."

तोंड कुणाचं बघायचं, तेही त्यांचं ठरलेलं होतं. त्यांचे वडील, म्हणजे नाना, कुर्डुवाडीहून बार्शीला जाणाऱ्या अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीचे ड्रायव्हर होते. ती वाफेची इंजिनं केव्हाच थांबली. नव्वदीला टेकलेले नाना बाईंकडेच राहत. त्याआधी दोन वर्षं ते न्हाणीघरात पडले होते. हाड जुळलं, पण नाना काही कॉटवरून उठेनात. "चला की नाना, दारापर्यंत," असं बाई म्हणाल्या की भिंतीकडे तोंड करून नाना विचारत, "कुटं?" लेकीनं केलेली कवळीसुद्धा त्यांनी वाटीत काढून ठेवली होती.

बाईंनी आधी नुसता सांगाडा जोडला. चाकं, मोटर, चाकांना जोडणारे दांडे आणि एक छोटी बॅटरी, बस्स. नानांच्या कॉटशेजारी टेबलावर हातभर रूळ मांडला आणि बटण दाबलं. मी तेव्हा तिथेच होतो. सांगाडा कुरकुरत हातभर गेला. नानांनी वळून पाहिलं नाही. बाईंनी तो परत पाठवला, पुन्हा आणला. चौथ्या खेपेला भिंतीकडून आवाज आला.

"डाव्या अंगाचा दांडा आडकतोय."

बाईंनी सांगाडा डोळ्याला लावला, नख फिरवलं. डाव्या दांड्याचं भोक खरंच केसभर तोकडं होतं. कवळ्या घासायच्या कानशीनं त्यांनी ते मोठं केलं आणि परत बटण दाबलं. आता सांगाडा गुळगुळीत पळाला. नाना कुशीवर वळले. मग कोपरावर उठले. चाकांकडे बघत ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. तेव्हा त्यांनी चिडून वाटीकडे बोट केलं. शिव्या नीट देता याव्यात म्हणून त्यांना दात हवे होते!

त्या दिवसापासून त्या घरात जी धमाल सुरू झाली तिला तोड नव्हती. इंजिनापुढचा, बर्फ बाजूला सारायचा फाळ बाईंनी पहिल्यांदा कापून टाकला. "सोलापुरात बर्फ फक्त गोळेवाल्याकडं." मग ड्रायव्हरच्या खोलीची दारं आणि काचा काढल्या, कारण नाना म्हणाले, "आत भट्टी, भाईर ऊन. दारं लावून आमी मरायचं का?" काळा रंग दिला, तो नानांना चकचकीत वाटला. "आमचं इंजिन तेलाचं फडकं फिरवून काळं झालेलं. तुजं बूटपालिश केल्यावानी दिसतंय." बाईंनी रंग खरवडला, परत दिला, वर मशीनच्या तेलाचा बोळा फिरवला. नानांनी वास घेतला आणि मान डोलावली. म्हणजे पास.

ड्रायव्हरचा पुतळा बाईंनी कवळीच्या हिरड्यांच्या गुलाबी मसाल्यातून कोरला. तो बघून नाना हसले, इतके हसले की ठसका लागला. "मी येवढा गोरा कदी होतो गं?"

खोक्यातलं धुराडं तर नानांनी हातात धरायलाच नकार दिला. "हे धुराडं न्हाय, नळी हाय." मग बाईंनी नवं धुराडं मेणात कोरलं, आणि ज्या धातूत आम्ही दातांच्या पट्ट्या ओततो त्यात ते ओतलं. त्या आठवड्यात भट्टीत दात मागे आणि धुराडं पुढे असा क्रम होता, हे मला नंतर कळलं.

आमच्या एका वकीलसाहेबांची कवळी त्याच आठवड्यात यायची होती. लेकीच्या लग्नात उभं राहून चार शब्द बोलायचे म्हणून त्यांना घाई. ते खुर्चीत बसले, मी गळ्याभोवती रुमाल बांधला आणि लॅबकडून आलेली डबी उघडली. आत कापसावर एक धुराडं, इंजिनाच्या पाठीवरचा घुमट आणि दोन पाण्याच्या टाक्या. वकीलसाहेबांनी डोकावून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "डॉक्टर, यातलं वर कुठलं बसतं आणि खाली कुठलं?"

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून बाई ओरडत होत्या, मागून नाना ओरडत होते. "डबी बदलली! नाना म्हणत्यात, इंजिनाला दात कुणी लावले?"

पाच मिनिटांत बाई स्कूटीवरून हजर झाल्या, पदर खोचलेला, हाताला प्लॅस्टर, हसून हसून डोळ्यांत पाणी. वकीलसाहेब रागावतील म्हणून मी शब्द जुळवत होतो. पण ते धुराडं बोटांत धरून बसले होते. तरुणपणी बार्शीच्या कोर्टात ते त्याच गाडीनं जात. "हे तिचंच आहे," ते म्हणाले. "चढावर आम्ही उतरून चालायचो आणि परत चढायचो." त्यांनी कवळी बसवून घेतली आणि नानांना भेटायचंच म्हणून आमच्याबरोबर निघाले. लग्न चार दिवसांवर होतं, तरीही!

इंजिन पुरं झाल्यावर एका रविवारी सकाळी त्याची चाचणी ठरली. नानांच्या कॉटपासून उंबरा ओलांडून पुढच्या लॅबपर्यंत रूळ मांडले. उंबऱ्यावर चढायला बाईंनी प्लॅस्टरचा उतार केला होता. वकीलसाहेबांनी रुमाल हलवला. इंजिन निघालं, कॉटजवळून गेलं, कपाटाला वळसा घातला आणि उंबऱ्याच्या चढावर जाऊन थांबलं. चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

"वाळू!" नाना गरजले. "चाकं घसरत्यात, रुळावर वाळू टाक!"

बाई धावल्या आणि कवळ्या घासायची बारीक पूड मूठभर घेऊन आल्या. ती रुळांवर भुरभुरवली. चाकांनी पकड घेतली. इंजिन हळूहळू चढलं आणि उंबरा ओलांडून पलीकडच्या खोलीत दिसेनासं झालं.

"आरं, माज्याबिगर कुटं चाललं?"

आम्ही तिघंही रुळांकडे बघत होतो. वळून पाहिलं तर नाना उभे. एक हात भिंतीवर, दुसरा हवेत, आणि पाय चालताहेत. बाई पुढे झाल्या, तर त्यांनी हात झटकला. कपाटापर्यंत आले, थांबले, धाप टाकली, उंबरा ओलांडला आणि लॅबमध्ये जाऊन प्लॅस्टरच्या पोत्यावर धपकन बसले. रुळांच्या टोकाला थांबलेलं इंजिन त्यांच्या पायाशीच होतं. वकीलसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मात्र तोंडाला पदर लावला होता. एवढी वर्षं ओळखूनही मला कळेना की त्या हसताहेत की रडताहेत.

निघताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. इंजिनाची शिट्टी उजव्या बाजूला बसवली होती. नानांनी ती डावीकडे बसवायला सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तसं म्हणालो तर बाई कुजबुजल्या, "गप बसा की डॉक्टर. सगळं बरोबर झालं तर ते उद्या कशाला उठतील?" दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नाना चालत लॅबमध्ये आले आणि शिट्टीवरून तासभर भांडले. पुढं वर्षभर बाईंनी त्यांना रोज एक चूक पुरवली.

नाना गेल्यावर बाईंनी लॅब बंद केली आणि त्या हुबळीला लेकीकडे राहायला गेल्या. माझ्या कवळ्या आता कुरिअरनं येतात. डबी उघडली की आत दातच असतात.

नाना होते तेव्हाच्या हिवाळ्यात वकीलसाहेबांनी आम्हा तिघांना त्यांच्या कारमधून कुर्डुवाडीला नेलं होतं. तिथे छोट्या गाडीचं एक जुनं इंजिन चौथऱ्यावर मांडून ठेवलंय. वाटेतलं मोहोळ गाव मागे पडल्यावर बाई खिडकीबाहेर बघत मला म्हणाल्या, "लहानपणी रोज डबा घेऊन जायची मी इंजिनाच्या शेडवर. पण नानांनी एकदाबी इंजिनात चढू दिलं न्हाय. पोरींचं काम न्हाय म्हणायचे." पुढच्या सीटवर नाना झोपल्यासारखे बसले होते.

चौथऱ्यापाशी पोचल्यावर नाना इंजिनाला हात लावून एकेक दांडा चाचपायला लागले. तोवर बाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि साठीच्या बाई त्या लोखंडी पायऱ्यांवरून सरसर वर चढल्या. रखवालदार शिट्टी फुंकत धावत आला. "ओ बाई, खाली उतरा! वर चढायला परवानगी न्हाय!"

नानांनी काठी आडवी धरली. दात घट्ट बसवले होते, त्यामुळे प्रत्येक अक्षर स्पष्ट आलं.

"चढू दे तिला. ड्रायवर मी हाय."

रखवालदार त्यांच्याकडे बघतच राहिला. वर ड्रायव्हरच्या खिडकीतून बाईंनी अर्धं अंग बाहेर काढलं होतं, चष्मा कपाळावर, केस वाऱ्यावर, आणि समोर रूळ नसतानाही त्या ओरडत होत्या, "बाजूला व्हा, बाजूला व्हा!"